चोर पोट्टे, कुलूप पोट्टींना

आमच्या घरात एक आवाज असायचा, करकर, करकर. आई कच्चे तांदूळ चावायची त्याचा. सुपात तांदूळ निवडायला घेतले की एक मूठ तोंडात जायचीच. भात टाकायच्या आधी एक मूठ, दुपारी भांडी घासताना पदराच्या टोकाला बांधलेली पुडी वेगळीच. रायपूरला तांदळाला काय तोटा? डब्यात तांदूळ, पोत्यात तांदूळ, पाहुणा आला तरी पिशवीत तांदूळच घेऊन येणार. बाबा म्हणायचे, आमच्या घरी एक उंदीर पाळला हाय. आम्ही भावंडं खिदळायचो. शेजारच्या छत्तीसगढी बायका म्हणत, पोटात जंत असतील. आई स्वतःसुद्धा हसायची आणि पुन्हा चावायची. त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ज्या पुस्तकात ते लिहिलेलं होतं ते कुलपात होतं. त्या कुलपाबद्दल लिहायला बसले आहे. लिहिताना माझा आवाज चढेल, आणि चढलेला मी उतरवणार नाही.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. आजोबा भंडाऱ्याकडून पोट भरायला इकडे आले ते इथलेच झाले. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे परस, परसाच्या भिंतीपलीकडे दिवसभर डबे एकमेकांवर आदळायचे. त्या धडधडीत आम्ही अभ्यास केला, भांडणं केली, जेवलो. सकाळी शिळा भात पाण्यात घालून बासी खायची, कांदा आणि मिरचीबरोबर, ते आईनं पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांकडून घेतलं. रविवारी मात्र झुणका आणि ज्वारीची भाकर, त्याचं पीठ नागपूरहून कोणीतरी आणायचं. धाकटे दोघं भाऊ मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देत. मी घरातली एकटी पोट्टी जिला बाबांनी मराठी धड वाचायला शिकवलं. म्हणून पावसाळ्यात वर्षावास लागला की विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचं काम माझ्याकडे यायचं. वंदना झाली की बायका सतरंजीवर बसत, दोनचार म्हातारे पुरुष खांबाला टेकून बसत, आणि मी वाचायची. त्या बायकांपैकी बऱ्याचजणींना अक्षरओळख नव्हती, पण ऐकायच्या अशा की एक ओळ सुटली तर टोकायच्या.

बाबांना वाचनाचं वेड. अर्धपोटी राहा पण शिका, हे ते उठताबसता ऐकवत. दर रविवारी धुतलेला पांढरा शर्ट घालून सायकलवर पुरानी बस्तीच्या अलीकडच्या सार्वजनिक वाचनालयात जात आणि सगळे पेपर वाचून येत. दुसरा त्यांचा अभिमान म्हणजे आमच्या घरी विटाळ पाळत नसत. देवच नाहीत तर शिवायचं काय, असं ते चारचौघांत सांगत. खरं होतं ते. महिन्याच्या दिवसांत आई चुलीपाशीच असायची, भाकर थापायची, पाणी भरायची. पण मी आज तुम्हाला विचारते, विटाळ गेला म्हणून बोलणं आलं का? नाही आलं. आईच्या अंगावरून जायचं ते थांबायचंच नाही, आठवडा उलटून जायचा, परसातल्या दोरीवर जुन्या चादरीखाली चिंध्या वाळत असायच्या, आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणारे आमचे बाबा त्या दोरीकडे पाहून पेपर वर धरायचे. आई पांढरीफटक पडली होती. पायरी चढली तरी भिंत धरायची. शिवत होतो सगळे, बोलत कोणी नव्हतं.

मग कंपाउंडर भैया आला. एका खासगी नर्सिंग होमचा माणूस, गोड बोलायचा, स्कूटरवरून पारे पालथे घालायचा. कोणाची कंबर दुखली, कोणाला पांढरं गेलं, कोणाचं अंगावरून गेलं, सगळ्यांना एकच औषध सांगायचा. बच्चेदानी सड़ गई है, निकलवा दो, नहीं तो कैंसर हो जाएगा. कॅन्सर म्हटलं की बाई दुसरा शब्द ऐकतच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझी धाकटी मावशी, शशी मावशी, रायपूरला लागूनच बीरगांवला राहायची. नवरा तिथल्याच उरला नावाच्या वसाहतीतल्या लोखंडाच्या कारखान्यात. मावशी जेमतेम तिशीची, दोन लहान पोरी, तक्रार काय तर पांढरं जातं आणि कंबर धरते. आषाढात तिला नेलं आणि पिशवी काढून टाकली, आणि पिशवीबरोबर अजून काय काय काढलं ते तिला कोणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. आराम करायला म्हणून ती आमच्याकडे आली. भर पावसात, सगळे अंगावर चादरी ओढून बसलेले असताना, ती घामाने निथळायची आणि पदरानं वारा घ्यायची. मध्येच रडायची. कशाला रडते विचारलं तर म्हणायची, मलेच समजत नाई. आणि कंपाउंडर भैयानं आईच्या ऑपरेशनची पाळी पोळ्यानंतर ठरवून टाकली होती.

मी तेव्हा अकरावीत, बायोलॉजी घेतलेली. मला वाटलं आपण शास्त्र शिकतो, आपल्याला कळायला पाहिजे. पुस्तकात तो धडा होता. आमच्या मॅडमनी तो यायच्या आदल्या दिवशीच सांगून टाकलं, ये वाला घर में पढ़ लेना, आणि थेट बेडकावर गेल्या. बेडकाचं सगळं शिकवलं हो, बेडकाच्या मादीचंसुद्धा. घरी धडा वाचला तर त्यात नळ्यांची नावं होती, रक्त काहून थांबत नाही ते नव्हतं. म्हणून मी वाचनालयात गेले. बाबा म्हणायचे ना, जगातली सगळी उत्तरं तिथं असतात.

वाचनालय जुनं, उंच छताचं, पंख्यांचा घरघराट आणि जुन्या कागदाचा वास. आत गेल्यावर डावीकडे लाकडी आडोसा, त्यावर पाटी: महिला कक्ष. म्हणजे काय, तर एक टेबल, चार खुर्च्या आणि एक मांडणी. मांडणीवर लोणची-मुरब्बे, विणकाम, भरतकाम, व्रतकथा, केसांची निगा. बाईच्या शरीराबद्दल तिथं जे काही होतं ते केसांपाशी संपत होतं. मी सगळं धुंडाळलं. मग बडे बाबूंच्या टेबलामागे काचेचं कपाट दिसलं, त्याला कुलूप. काच धुळीनं भरलेली, पण एका जाड पुस्तकाच्या पाठीवर दोन शब्द वाचता येत होते, स्त्री आणि स्वास्थ्य. बडे बाबू म्हणजे तिथले ग्रंथपाल. वाईट माणूस नव्हता तो, हे मी मुद्दाम लिहिते, कारण वाईट माणसाचा राग करणं सोपं असतं. बाबांच्या ओळखीचा, मला बेटा म्हणायचा. ते पुस्तक मागितलं तर त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं.

"वो लड़कियों के लिए नहीं है बेटा. तस्वीरें हैं उसमें. लड़के पन्ने फाड़ ले जाते थे, इसलिए बंद रखा है."

मी म्हटलं, मी तर फाडत नाही. तो म्हणाला, शादी हो जाए तब पढ़ना, और ज़रूरी हो तो पिताजी को भेज दो, उनके हाथ में दे दूंगा. ऐकलंत? पानं फाडली पोट्ट्यांनी, आणि कुलूप लागलं पोट्टींना. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सोळा वर्षांची मी, "जी" म्हणून बाहेर आले. तेव्हा न बोललेलं सगळं मी आजतागायत बोलते आहे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. भात कालवत होते. कोणतं पुस्तक, काहून पाहिजे, सगळं सांगितलं, आईच्या देखतच सांगितलं, कारण घर केवढं, लपवायला जागा कुठे? मला वाटलं, माझे वाचणारे बाबा आत्ता शर्ट घालून निघतील. ते ताटाकडे पाहत म्हणाले, "मले तिथं सारे ओळखतेत. मी काय मांगू त्यायले? बायायचं पुस्तक?" एवढंच. पुढचा घास घेतला. मला त्या क्षणी बाबांचा इतका राग आला की मी ताटावरून उठले. ज्या माणसानं मला अक्षरं शिकवली त्याला एका पुस्तकाची लाज वाटत होती, आणि तिकडे चुलीपाशी त्याची बायको भिंत धरून उभी होती. आईनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, हात धुतले आणि म्हणाली, "तुमी नोका जाऊ. मी जातो."

दुसऱ्या दिवशी मावशीच्या भरवशावर घर टाकून आम्ही दोघी रिक्षानं गेलो. आई त्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. इतकी वर्षं तिनं बाबांचा तिथला शर्ट धुतला होता, एवढाच तिचा आणि वाचनालयाचा संबंध. बडे बाबू चहाला गेले होते. उभं राहून राहून आईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती जवळच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची बडे बाबूंची होती. सरकारी खुर्चीवर असतो तसा पाठीपासून बैठकीपर्यंत पांढरा टॉवेल टाकलेला. बाबू आले, पाहतच राहिले. आईनं उठायचा प्रयत्नही केला नाही, कारण जमत नव्हतं. तिथूनच पुस्तक मागितलं. बाबूंनी पुन्हा तेच सुरू केलं, तस्वीरें, लड़के, पन्ने. आई आपल्या तोडक्या हिंदीत म्हणाली, मेरी शादी हो गई है, तीन बच्चे हैं, अब दो. बाबू म्हणाले, आपको पढ़ना आता है? हा प्रश्न त्यानं विचारला. त्या बाईला, त्या खुर्चीत बसलेली असताना.

"मेरी लड़की पढ़ेगी," आई म्हणाली. "मैं सुनूंगी. बीमारी मेरे को है, कान भी मेरे को है."

बाबू म्हणाले, बाई, नियम असा आहे. आई टेबल धरून उठली. टॉवेलवर लाल डाग पडला होता, तळहाताएवढा. मी झटकन ओढणी काढून पुसायला वाकले. आईनं माझा हात धरला. मराठीत म्हणाली, "राहू दे. पाहू दे त्याले." आणि उभी राहिली, तोंड झाकलं नाही, पदर ओढला नाही. बाबूंनी पाहिलं, मान फिरवली, आणि खणातून किल्ली काढली. कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली फिरेना. खोबऱ्याचं तेल घालावं लागलं. पुस्तक बाबांच्या नावावर लिहून दिलं, कारण वाचनालयाचे सभासद घरात तेच एकटे. पुस्तक पातळ कागदात गुंडाळून दिलं, दारू देतात तसं. रस्त्यावर आल्याआल्या मी तो कागद फाडून नालीत टाकला.

मी आता साठीला टेकले. परवा नात्यातली एक पोरगी, नवा रायपुरात नोकरी करते, फोनवर मला व्हिडिओ दाखवत होती, हळदीचं पाणी प्या, पिशवीतली गाठ विरघळते. बोलणारी बाई छान नटलेली, खाली लाखो लाईकचे लाल बदाम. मी विचारलं, हिला कोणी शिकवलं? पोरगी हसून म्हणाली, आत्या, क्या पता. आता कपाटाला कुलूप नाही, पण कपाट एवढं मोठं करून ठेवलंय की खरं पुस्तक कचऱ्याखाली गेलं. आणि स्कूटरवरचे भैया गेले असं कोणाला वाटत असेल तर त्यानं मला येऊन भेटावं. मी त्या पोरीला धरून नेलं, नव्या वाचनालयात, थंडगार हवा, सगळी कपाटं उघडी, आणि डॉक्टरांनी लिहिलेलं एक पुस्तक तिच्या हातात ठेवलं. म्हणाली, इतना मोटा? म्हटलं, हव, एवढं मोठं. तू पण एवढी मोठी आहेस.

तर ते पुस्तक. हिंदीत होतं, बायकांच्या एका मंडळानं डॉक्टरणींना बसवून लिहिलेलं, साधी चित्रं, साधी भाषा. बरीच पानं खरंच ब्लेडनं कापलेली होती, पण मजकूर उरला होता. पहिल्याच दिवशी मला सापडलं ते असं, की अंगात रक्त फार कमी झालं की बाईला माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. मी वाचून दाखवलं. आईच्या तोंडात तेव्हाही तांदूळ होते. तिनं चावणं थांबवलं. दारात बाबा उभे होते. उंदराचा विनोद त्यांनी त्यानंतर कधी केला नाही. पुढे लिहिलं होतं, या वयात अंगावरून जास्त जाण्याची कारणं अनेक असतात, बरीचशी गोळ्यांनी आटोक्यात येतात, कॅन्सर आहे की नाही हे आतला बारीकसा तुकडा तपासून कळतं, आणि ते तपासल्याशिवाय भीती घालून पिशवी काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नये. आईनं ते मला सावकाश, आपल्या बोलीत सांगायला लावलं. मग म्हणाली, हे मी एकटीनंच काहून ऐकू?

म्हणून संध्याकाळी विहारात, वंदना झाल्यावर, मी ग्रंथ बाजूला ठेवला आणि हे पुस्तक उघडलं. दोन ओळी हिंदीत वाचायची आणि आमच्या मले-तुले बोलीत सांगायची. बायका आधी पदरात तोंड घालून हसल्या, मग हसणं थांबलं, मग सरकत सरकत पुढे आल्या. खांबाला टेकलेले एक काका, दर रविवारी वंदना तेच सांगत, ते उठून म्हणाले, बाई, हे विहार हाय, दवाखाना नाई. आईनं बसल्या जागेवरून विचारलं, "भाऊ, जगात दुःख हाय हे तुमीच दर ऐतवारी शिकवता. मंग हे कोणतं हाय?" काका बाकीच्या पुरुषांना घेऊन बाहेर जाऊन बसले. बाबाही त्यांच्यात होते. निघताना त्यांनी पंखा आमच्याकडे वळवून ठेवला.

मी पिशवीच्या ऑपरेशनचं पान वाचलं. कधी करावं लागतं, कधी लागत नाही. शेवटी लिहिलं होतं, दोन्ही बाजूंची अंडाशयं निरोगी असतील तर तरुण बाईची ती काढू नयेत, काढली तर पाळी गेल्यासारखं होतं, अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, जीव उदास होतो, पुढे हाडं ठिसूळ होतात. वाचता वाचता मला कळलं की मी कोणाबद्दल वाचते आहे. शशी मावशी समोरच बसली होती, पदरानं वारा घेत. तिचा हात थांबला.

"छाया, हे पुस्तक त्या कपाटात कवापासून होतं?"

पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का होता. मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "तुह्या लग्नाच्या आंधीपासून, मावशी."

"आन् मी मांगायले गेलो असतो, त देल्लं असतं का त्यानं?"

"नाई."

"हव," ती म्हणाली. मग म्हणाली, "थे शेवटचं वाच अजून एक डाव." मी पुन्हा वाचलं. माझा आवाज फाटत होता, रडण्यानं नव्हे, संतापानं.

आई पोळ्यानंतर नर्सिंग होममध्ये गेली नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे गेली, तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. छोटी गाठ होती आणि रक्त नव्हतं. गोळ्या घेतल्या, काही वर्षांनी वयानुसार सगळं आपोआप थांबलं, आणि आई म्हातारी होऊन, पिशवीसकट गेली. कच्च्या तांदळाची करकर त्या दिवाळीपर्यंतच बंद झाली. मावशीची कंबर मात्र पन्नाशीतच वाकली. न्हाणीत पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि मांडीचं हाड मोडलं. लोक म्हणतात, नशीब. मी म्हणते, कुलूप.

विहारातलं वाचन संपलं त्या आठवड्यात मावशी बीरगांवला परत निघाली. पिशवी भरताना तिनं पुस्तक टॉवेलात गुंडाळून आत ठेवलं. आई म्हणाली, अगं, ते वाचनालयात वापस करायचं हाय. मावशीनं पिशवीचा बंद ओढला.

"माही त गेली," ती म्हणाली. "आमच्या पाऱ्यातल्या बायायची अजून बाकी हाय."

तिच्या थोरल्या पोरीला हिंदी वाचता येत होतं. कंपाउंडर भैयाची स्कूटर त्या पाऱ्यात थांबायची बंद झाली, एवढं मला माहीत आहे. पुस्तक बाबांच्या नावावर होतं. दर रविवारी ते पांढरा शर्ट घालून पेपर वाचायला जात, आणि बडे बाबू सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारत, भाऊसाहेब, वो औरतों वाली किताब अब तक नहीं आई? पहिल्या रविवारी बाबांनी काय उत्तर दिलं ते त्यांनीच घरी येऊन सांगितलं, आईकडे पाहत. मग दर रविवारी तेच देत राहिले, रिटायर होईपर्यंत. मी त्यांना अर्धंच माफ केलं आहे, तेही या उत्तरासाठी.

ते म्हणायचे, "अभी पढ़ना चल रहा है."